खंडेनवमीची बॅटरी

गेल्या वर्षी भात पिवळे पडू लागले तेव्हा माझ्या पत्नीने माझ्याकडे एक रात्र मागितली. माहेरच्या शेतातल्या माळ्यावर एक रात्र झोपायचे, एवढेच तिचे मागणे होते.

रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तिच्या भावाचे भाताचे शेत आहे. लोंब्या भरल्या की तिथे रानडुकरे उतरतात. म्हणून शेताच्या मधोमध चार खांब रोवून पुरुषभर उंचीवर फळ्या टाकतात, वर पेंढ्याचे छप्पर घालतात, आणि कापणी होईपर्यंत घरातले कोणीतरी रात्री राखणीला तिथे झोपते. तो माळा. लग्नापूर्वी ती वडिलांबरोबर माळ्यावर झोपत असे. "तशी झोप मला नंतर कधी लागली नाही," असे ती अधूनमधून म्हणे, आणि प्रत्येक वेळी मी हातातल्या वर्तमानपत्राचे पान उलटत असे. कारण त्या वाक्यातला 'नंतर' म्हणजे मी होतो.

मी घोरत असे. हे वाक्य आज मी सहज लिहितो आहे, परंतु ते मान्य करायला मला अकरा वर्षे लागली. मुळात मी हळू बोलणारा मनुष्य. धाटावच्या ज्या कंपनीत मी विजेची देखभाल पाहतो, तिथे यंत्रांच्या आवाजात माझे बोलणे ऐकण्यासाठी लोक माझ्या तोंडाजवळ कान आणतात. असा मनुष्य रात्री घर हादरवत असेल, हे मला पटत नसे. पत्नी सांगे की आवाज तरी परवडला. मधेच आवाज थांबतो, श्वासही थांबतो, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत ती अंधारात उठून बसते. मी म्हणे, "तुला भास होतात." शेवटी तिने मोबाइलवर आवाज टिपला आणि डॉक्टरांसमोर लावला. डॉक्टरांनी विचारले, "हे गोठ्यातलं आहे का?" पत्नी म्हणाली, "नाही, बेडरूममधलं."

त्यानंतर ते मशीन घरी आले. झोपेत माझा घसा मिटतो आणि श्वास अडतो. तो अडू नये म्हणून रात्रभर नाकावाटे दाबाने हवा देणारे, चपलेच्या खोक्याएवढे मशीन. त्यातून एक करडी नळी निघते आणि तिच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा असतो. पहिल्या दिवशी तो चढवून मी आरशापुढे उभा राहिलो, तेव्हा पत्नीने मागून हात जोडले. पेणसारख्या गावात, जिथे बारा महिने कुठे ना कुठे गणपती घडत असतात, त्या नळीला दुसरे नाव मिळणे शक्यच नव्हते. आमच्या घरात तिला सोंड म्हणतात. "सोंड लावलीत का?" हा आमच्याकडचा शुभरात्रीचा शब्द आहे.

सोंड आली आणि पत्नीला झोप मिळाली. पण ती झोप भिंतीतल्या प्लगशी बांधली गेली. शेतात वीज नाही. दोन वर्षांपूर्वी ती एकटीच भावाकडे गेली होती. तिने रात्री दहाला फोन केला, बाराला केला आणि चारला केला. "सोंड आहे ना?" "आहे." "मग फोनवर आवाज एवढा स्वच्छ कसा?" "फोन घ्यायला काढली." "घालून बोला." अशा तऱ्हेने तिघांचीही झोप गेली, कारण तिचा भाऊ शेजारीच राखणीला होता. गेल्या वर्षी त्याने सांगून टाकले होते की पुढच्या हंगामापासून तो शेताभोवती सौर झटक्याची तार लावणार. डुकराला हलका धक्का बसतो आणि ते परत फिरते. मग माळा बांधण्याचे कारण उरत नाही. म्हणजे जे काही करायचे ते याच वर्षी.

"तुम्ही विजेतले," पत्नी म्हणाली. "एका रात्रीपुरती वीज शेतात नेता येणार नाही?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच तो मला लागला. मी कारखान्याचा अर्धा भाग रात्रभर चालू ठेवतो, आणि मला एका खोक्यापुरती वीज शेतात नेता येत नव्हती.

मी कामाला लागलो. पेणमध्ये मुलांना शाळेत ने-आण करणाऱ्या एका गृहस्थांनी आपली जुनी व्हॅन विकायला काढली होती. मागची बाके काढली की एक माणूस पाय पसरून झोपू शकेल एवढी जागा होत होती. ती मी घेतली. शाळेचा पिवळा रंग मात्र घालवणे आवश्यक होते, कारण रस्त्यात लहान मुले हात करून गाडी थांबवत. गणपती नुकतेच गेले होते, जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यांत जरा निवांतपणा होता, म्हणून तिथल्या एका ओळखीच्या रंगाऱ्याला मी विचारले. त्याने मूर्तीवर फिरवतो तोच फवारा गाडीवर फिरवला. रंगही त्याच्याकडे उरलेलाच होता: शेल्याचा निळा, त्यावर मोत्याची झाक. काम संपल्यावर तो चार पावले मागे गेला, मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाला, "काठ काढू का सोनेरी?" मी नको म्हणालो. त्याचा विरस झाला, हे मला अजून आठवते.

पहिला प्रयोग मी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर केला. शिशाची, आम्लाने भरलेली ती बॅटरी दोघांनी मिळून उचलावी लागते. रामवाडीतल्या आमच्या घराच्या आवारातच गाडी उभी करून मी आत झोपलो. पहाटे इन्व्हर्टर ओरडू लागला, कारण बॅटरी चार वर्षांची होती आणि तिच्यात नावापुरताच दम उरला होता. मी दार उघडून बाहेर आलो तेव्हा शेजारचे काका दुधाची पिशवी घेऊन कुंपणाशी उभे होते. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिले.

"घरात काही... झालं का?"

"नाही काका, प्रयोग चाललाय."

"असू द्या, असू द्या," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडेही होतात प्रयोग."

मग मी नवी लिथियमची बॅटरी घेतली. वजनाने निम्म्याहून कमी, एका हाताने उचलता येणारी, आणि जवळजवळ शेवटपर्यंत वापरता येणारी. हिशेब सोपा होता. मशीन, लहान पंखा आणि एक दिवा असा रात्रभराचा सगळा भार तिच्या एक तृतीयांश शक्तीत बसत होता. मी तो कागदावर मांडला, कंपनीतल्या माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याकडून तपासून घेतला. तो म्हणाला, "साहेब, दोन रात्री आरामात. तिसऱ्या रात्री मला पण बोलवा." बॅटरी खोक्यातून निघते तेव्हा ती पूर्ण भरलेली नसते, हे मला ठाऊक होते. दसऱ्याला निघायचे ठरले, म्हणून आदल्या दिवशी सकाळी सहा वाजता मी तिला चार्जर लावला. संध्याकाळपर्यंत ती काठोकाठ भरणार होती.

आदला दिवस म्हणजे खंडेनवमी.

आता येथे मला थोडे मागे जाऊन एक गोष्ट कबूल करावी लागेल. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पक्कड, पाने, टेस्टर, मीटर, सारे पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडू ठेवायचा, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हत्याराला वर्षातून एक दिवस सुटी. कंपनीतही त्या दिवशी पॅनेलना माळा घालतात. हा नियम मी वडिलांकडून घेतला आणि त्यांच्यापेक्षा कडक पाळला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पूजा झाल्यावर, माहेरून आलेल्या डब्याचे घट्ट झाकण उघडायला पत्नीने पाटावरची पक्कड उचलली. मी ओरडलो नाही. मी ओरडत नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोललोच नाही. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाचा राग आवाजाबरोबर विरून जातो. हळू बोलणाऱ्याचा राग घरात बसून राहतो, हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर खंडेनवमीच्या दिवशी आमच्या घरात साधा नेलकटरही कोणी हलवलेला मला आठवत नाही. याचा मला एके काळी अभिमान वाटत असे.

तर, त्या सकाळी मी बॅटरीही पाटाशेजारी मांडली, चार्जर जोडला, आणि कंपनीतल्या पूजेसाठी धाटावला गेलो. घरची पूजा पत्नीने केली. संध्याकाळी परत आलो तेव्हा बॅटरीवर हळदकुंकवाची बोटे होती आणि चार्जरवर एक टपोरा झेंडू नेमका असा बसला होता की त्याच्या खालचा छोटा दिवा दिसत नव्हता. तो दिवा भरत असताना लाल असतो आणि भरल्यावर हिरवा होतो. फूल बाजूला सारून पाहावे असे मनात आले. परंतु पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियम मोडणारा मी कोण? बारा तास झाले आहेत, भरलीच असणार, असे म्हणून मी हात मागे घेतला.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून पत्नीने फुले उचलली आणि मी तारा सोडवल्या. शिस्त म्हणून मीटरही लावला. तेरा व्होल्ट. मी समाधानाने मान हलवली. तीस वर्षे शिशाच्या बॅटऱ्या हाताळलेल्या माणसाच्या दृष्टीने तेरा म्हणजे भरून वाहणारी विहीर. लिथियमची बॅटरी मात्र तिसरा हिस्सा उरली तरी जवळजवळ तेराच दाखवते. अगदी रिकामी होईपर्यंत ती चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. हे मी वाचलेले होते. वाचलेले आणि हाताला माहीत असलेले यांत फरक असतो, आणि माझ्या हाताला तेरा हा आकडा ओळखीचा वाटला.

दुपारी वडखळ, नागोठणे करत आम्ही रोह्यात आलो आणि संध्याकाळी शेतावर पोहोचलो. बांधापर्यंत बैलगाडीची वाट होती; माळ्यापासून दहा पावलांवर गाडी उभी राहिली. मेहुणा माळ्याखाली चूल मांडत होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला.

"भावजी, ह्यो तर गणपतीच्या शेल्याचा रंग हाय."

"जोह्याच्या रंगाऱ्याने दिलाय."

"मंग हात जोडू का, आत बसू?"

"आधी पाय धू," पत्नी म्हणाली. "गादी आहे आत."

मेहुण्याची बायको डोक्यावर टोपली घेऊन आली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, आणि आपट्याची पाने. सोने वाटून झाल्यावर तिने माळ्याच्या शिडीकडे पाहून माझ्या पत्नीला विचारले, "वन्सं, चढाल ना वर? का शिडीला पण बॅटरी लावायला सांगू?"

"तू खाली धर फक्त. तुझ्याआधी चढेन."

आणि ती चढली. पन्नाशी उलटलेली माझी पत्नी, जी घरात स्टुलावर चढताना मला हाक मारते, ती शिडीवरून अशी गेली की मला तिच्या वडिलांबरोबरच्या त्या रात्रींचा अंदाज आला. वरून तिने पाय खाली सोडले आणि ते हलवत ती शेताकडे पाहत बसली.

येथवर सारे उत्तम होते. पुढे मी जे केले त्याला दिमाख याशिवाय दुसरा शब्द नाही. मेहुण्याने विचारले, "ह्या बॅटरीवर काय काय चालतं?" तेव्हा मी 'मशीन आणि पंखा' असे उत्तर देऊन थांबायला हवे होते. मी म्हणालो, "काय हवं ते." आणि गाडीतला मोठा एलईडी फोकस काढून माळ्याच्या खांबाला टांगला. शेत दिवसासारखे उजळले. शेजारच्या शेतातले राखणदार बघायला आले. कोणी मोबाइल काढला, म्हणाला, "जरा लावता का? गावात सकाळपासून लाइट ये-जा करतेय." मी लावला. मग दुसरा आला, तिसरा आला. पाहता पाहता माझ्या गाडीत सहा मोबाइल ओळीने निजले, आणि मी त्यांच्यामध्ये उभा राहून लिथियम आणि शिसे यांतला भेद समजावून सांगत होतो. माझे बोलणे ऐकायला ते सारे पुढे वाकले होते. मला ते आवडले.

"भावजी, डुकरं बघतायत," मेहुणा अखेर म्हणाला. "त्यांना वाटंल लग्न हाय. बंद करा, न्हायतर जेवायला येतील."

मंडळी आपापले मोबाइल घेऊन गेली. मेहुण्याची बायको घरी गेली. पत्नी माळ्यावर आडवी झाली. मी गाडीचे दार तिच्या बाजूने उघडे ठेवले, म्हणजे माझ्याकडून आवाज येत नाही हे तिला वरूनच कळावे.

"सोंड लावलीत का?" वरून विचारणा झाली.

"लावली."

"चालू आहे?"

"चालू आहे. निवांत झोप."

"झोप गो ताय," खालून मेहुणा म्हणाला. "मी हाय ना."

काही मिनिटांत वरचे बोलणे थांबले. मशीन मंद हवा देत होते, लोंब्यांचा वास येत होता, आणि मी स्वतःवर प्रसन्न होऊन झोपलो.

जाग आली ती गुदमरून. मुखवट्यातून हवा येत नव्हती. मशीनचा दिवा गेला होता, पंखा थांबला होता. मी चाचपडत मीटर लावला. ज्या बॅटरीने दोन रात्री पुरायचे, ती पहाटेलाही पोहोचली नव्हती. अजून दोनच वाजले होते. कारण मला कळेना, पण उपाय मात्र समोर होता. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला मशीन जोडता आले असते. फक्त त्यासाठी इंजिन चालू ठेवावे लागले असते, आणि त्या डिझेल इंजिनच्या आवाजाने पेणमधल्या दोन गल्ल्यांतली मुले दप्तर घेऊन बाहेर येत असत. दुसरा मार्ग म्हणजे सोंडेशिवाय झोपणे. मग पाच मिनिटांत मी घोरू लागणार, मग थांबणार, आणि वर, अंधारात, ती उठून बसणार. माळ्यावर. तिच्या त्या एका रात्री.

तिसरा मार्ग मला जरा वेळाने सुचला, आणि तो इतका सोपा होता की मला माझी लाज वाटली. मी झोपलोच नाही तर?

मी अनवाणी खाली उतरलो. मेहुणा माळ्याखाली विझत्या चुलीशी घोंगडी पांघरून बसला होता. त्याने भुवया उंचावल्या.

"मशीन गेली?" तो कुजबुजला.

"बॅटरी संपली."

"काय हवं ते चालतं म्हणालात."

"म्हणालो होतो."

"मंग आता घोरणार?"

"झोपणारच नाही. तू झोप. मी राखतो."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "भावजी, खरं सांगू? तुम्ही घोरलात तर डुकरं फिरकणार नायत. पिकाला बरंच हाय."

"हळू बोल. ती उठेल."

मग त्याने मला काम समजावले. माळ्याच्या खांबापासून शेताच्या चारी कडांपर्यंत दोऱ्या गेल्या होत्या, त्यांना खडे घातलेले पत्र्याचे डबे बांधले होते. डुकराची चाहूल लागली की दोरी ओढायची. डबे वाजतात, डुक्कर पळते. "पण ओढलीत की ताय उठणार," तो म्हणाला, आणि हा प्रश्न माझ्यावर सोपवून टॉर्च माझ्या हाती देऊन तो घोंगडीत शिरला.

मी बसलो. तिच्या अकरा वर्षांच्या जागरणांची आणि माझ्या एका रात्रीची बरोबरी होत नाही, एवढे मला कळते. तरी प्रथमच मी खाली बसून तिचा श्वास ऐकत होतो. तो सावकाश, एकसारखा येत होता. तो कुठेही थांबत नव्हता. थांबला असता तर माझे काय झाले असते, याचा विचार करून पाहिला, आणि 'तुला भास होतात' हे माझेच शब्द मला ऐकू आले.

चार वाजण्याच्या सुमारास खालच्या बांधाकडून चाहूल लागली. आधी लोंब्या सळसळल्या, मग एक खोल, खरखरीत, नाकातून ओढलेला आवाज, मधेच थांबला, आणि पुन्हा जोराने सुरू झाला. मी तो आवाज ओळखला. डॉक्टरांच्या खोलीत मोबाइलवर ऐकला होता तोच. डॉक्टरांचे गोठ्याचे अनुमान फार चुकले नव्हते.

दोरी माझ्या हाताशी होती. ओढली असती तर पीक वाचले असते आणि झोप मोडली असती. न ओढावी तर मेहुण्याच्या वर्षभराच्या कष्टांवर डुक्कर नाचणार. मी दोरी सोडली, टॉर्च घेतला आणि बांधावरून त्या दिशेने चालत गेलो. मला भीती वाटत होती, हे नमूद करतो. दहा-बारा पावलांवर टॉर्चच्या उजेडात दोन डोळे चमकले. माझ्याकडे ओरडण्याचा पर्याय नव्हता, आणि ओरडण्याची सवयही नव्हती. मी जसा कंपनीत बोलतो तसाच बोललो.

"जा बाबा. निघ आता. वर माणूस झोपलंय. खरंच, निघ."

शेजारच्या ओल्या मातीचा एक गोळाही मी टाकला, तो त्याला लागला नाही. त्याने मला नीट पाहून घेतले. मग, कदाचित एवढ्या आर्जवी राखणदाराशी त्याची पहिलीच गाठ असावी, ते फिरले आणि डोंगराकडे निघून गेले. भाताचे चार-पाच चुडे आडवे झाले होते. मी ते उभे करण्याचा प्रयत्न केला. ते उभे राहिले नाहीत.

उजाडले. पक्षी सुरू झाले, डोंगराच्या अंगावरचे धुके सुटू लागले, आणि वर फळ्या करकरल्या. पत्नीचे पाय शिडीवर दिसले. ती खाली उतरली, तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहून असे हसली की रात्रीचे काहीच सांगू नये असे मला वाटले.

"किती वाजले? मी मधे उठलेच नाही. म्हणजे एकदा पहाटे वाटलं, तुम्ही घोरताय. मग म्हटलं नाही, डुक्कर असेल. आणि परत झोपले."

मेहुणा घोंगडीत तोंड खुपसून हसू लागला.

"मशीन चाललं ना रात्रभर?" तिने विचारले.

मी 'हो' म्हणू शकलो असतो. माझ्या जुन्या सवयीने तसे म्हणायची तयारीही केली होती. पण तिच्या चेहऱ्यावरची ती झोप खोट्यावर उभी राहू नये असे वाटले.

"दोनला बंद पडलं. त्यानंतर मी जागा होतो."

ती गाडीकडे गेली, मशीन पाहिले, बॅटरी पाहिली. "पण भरली होती ना? तुमचा तो कागद होता."

"सकाळी सहाला लावली होती. संध्याकाळपर्यंत भरायला हवी होती. काय चुकलं तेच कळत नाही."

मग तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. हे ती क्वचितच करते.

"सातला पूजा केली. फूल वाहिलं आणि बटन बंद केलं."

"का?"

"का म्हणजे? खंडेनवमी. पूजेतल्या वस्तूकडून काम करून घ्यायचं नाही. तुमचाच नियम. मिक्सरचंसुद्धा बटन बंद केलं होतं. परवा हातानं वाटलं मी खोबरं."

म्हणजे बॅटरी एकच तास भरली होती. उरलेले अकरा तास ती झेंडूखाली सुटी घेत होती, आणि मी फूल बाजूला सारून पाहिले नाही ते त्याच नियमासाठी. हा नियम घरात इतका खोल कोणी रुजवला, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. मी सगळा हिशेब मांडला होता. एवढी एक गोष्ट कागदावर यायची राहिली होती.

"ती पक्कड," मी म्हणालो. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी दोन दिवस बोललो नव्हतो. ते चुकलं माझं. फार आधी सांगायला हवं होतं."

मला वाटले होते ती म्हणेल, कुठली पक्कड.

"अडीच दिवस," ती म्हणाली. "आणि त्या डब्यात चिवडा होता. न बोलता तुम्हीच संपवलात."

"व्हय, आयनं दिला होता तो," मेहुणा म्हणाला. त्यालाही आठवत होते.

मी खाली पाहत उभा राहिलो. तिने माळ्याकडे मान वर करून पाहिले, केसांत अडकलेली पेंढ्याची काडी काढली, आणि म्हणाली, "मी अजून एक रात्र राहणार. तुम्ही कंपनीत फोन करा. आणि तुम्हाला पण झोपायचंय आज, नाहीतर परवा शिफ्टला पॅनेलवर पडाल."

"बॅटरी?"

"गावात घर आहे की आमचं. भिंतीत प्लग आहे."

बॅटरी स्कूटरच्या पुढ्यात, दोन पायांच्या मध्ये ठेवून मेहुण्याने मला घरी नेले. पडवीत चार्जर लावला. गावात वीज होती. लाल दिवा लागला. मेहुण्याच्या बायकोने चहा दिला आणि विचारले, "भावजी, पाटावर ठेवू का हिला? फूल आणू?"

"फूल नको," मी म्हणालो.

त्या दिवशी मी पडवीत बॅटरीसमोर बसून होतो. दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा ती परत आल्यावर उठून बटन तपासले. येणारेजाणारे विचारत, "काय राखताय?" आणि आतून कोणीतरी उत्तर देई, "रातपाळीचेच हायत ते." दुपारी डोळे मिटू लागले, पण झोपलो नाही, सोंड शेतावर होती, आणि मेहुण्याच्या घरी सांगण्यासारखे आणखी काही मागे ठेवायची माझी इच्छा नव्हती. ऊन अंगणातून पडवीच्या पायरीवर चढले तेव्हा दिवा हिरवा झाला. तरीही मी लगेच उठलो नाही. तिने निघताना बजावले होते की हिरवा झाल्यावर आणखी एक तास बसायचे, मगच मीटर लावायचा, आणि मीटरवर विश्वास ठेवायचा नाही.